रेश्माला माईक नको

— न्हाय ओ दिग्विजयशेठ, त्यो माईकवाला हेडफोन ठिवा माघारी, साधा द्या. कान पायजेत, तोंड नको. बाकी काम्प्युटर तुमी म्हणाल तसा जोडा, फकस्त खेळ पळला पायजे आन् मॉनिटर धरून पन्नास हजाराच्या आत बसला पायजे. पेटीला रंगीत दिवं कशाला? पेटीची काय वरात काढायचीय? ग्राफिक कार्ड वापरलेलं चालंल — मीबी वापरलेलाच हाय, पळतोय की अजून! रॅमची आत्ता एकच पट्टी घाला, दुसरीची जागा मोकळी ठिवा, दिवाळीला बघू. पावर सप्लाय हलका नको म्हणता? हलका घेतला तर समदं जळंल? मग घ्या भारीतला, सासऱ्यावाणी मान दिऊ त्याला. मॉनिटर मातुर मोठा — हां, ह्यो — ह्यात चित्र अडखळत न्हाय म्हणता? ब्येस. दुश्मन लांबनं दिसला पायजे.

दुश्मन कोण? मडिवाळप्पा! तुमच्याच दुकानातनं न्हेलाय की त्यानं काम्प्युटर — उंच म्हातारा, कानडी हेल काढून बोलतो, वाक्याला वाक्याला “येनप्पा” — व्हय, त्योच! त्यो आन् मी, धोंडिराम, अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात, शेजारशेजारच्या मागावर चादरी इणल्या उभा जलम. तितं समदं माग एकदम खडाखडा चाललं की कानाशी वरडलं तरी ऐकू येत न्हाय, म्हणून कामगारांचं बोलणं हातावारी. आमच्या दोघांची तर एक न्यारीच खूण — जागच्या जागी दोन गिरक्या. म्हंजी काय? म्हंजी “चल, च्या मारू”. दुसऱ्या कुणाला कळायची न्हाय, लोकांना वाटायचं धोंड्याला वारं आलं. लई खोड्या केल्या ओ तितं. मुकादमाच्या डब्यात शेवयांच्या जागी सूत घातलं मी, वर साखर भुरभुरून — आन् खाल्लं की त्यानं दोन घास! मडिवाळप्पा हसून हसून खालीच बसला.

रिटायर झाल्यावर रोज सांजचं आमी दोघं कंबर तलावाच्या बाकड्यावर. आन् एकाएकी बंद. का? तर म्हणला, गुडघं दुखत्यात. मी गुडघ्याला तेल घिऊन गेलो त्याच्या घरी, तर खिडकीतनं काय दिसावं — गडी मांडी घालून मोबाईलवर बंदुकीचा खेळ खेळतोय! गुडघं दुखणारा माणूस मांडी घालतो व्हय? घालतो का? न्हाय घालत. तेल घिऊन तसाच माघारी आलो. म्हणलं, थांब लेका.

मग नातीला, अपेक्षाला, पटवली आन् त्या खेळात नाव काढून घेतलं — रेश्मा. रेश्मा, राहणार मंगळवेढा. सोडली त्याच्या मागं! घावला की लगीच. “रेश्मा, हिकडं ये”, “रेश्मा, माज्या मागं लप” — आन् हितं मी उशी तोंडात कोंबून हसतोय. लई ग्वाड लिवायचा. एकदा तर मी सवयीनं रेश्माला दोन गिरक्या मारायला लावल्या, तर त्यानंबी त्याच्या बंदूकवाल्याला फिरवला की दोनदा! मला असं झालं, काय सांगू — उशी बाजूला पडली, बराच वेळ हसूच आलं न्हाय.

मग एक दिस मीच इचारलं, म्हंजी रेश्मानं — तुमाला कुणी दोस्त न्हाय का ओ? म्हणलं, बघू तर माजं नाव काढतोय का. काढलं की. लिवलं, “हाय एक धोंडिराम. पर त्याच्याम्होरं रडायची सोय न्हाय. माजी बायकू निंगव्वा गेली, तिची माती करून घरी आलो, माणसं बसलेली, आन् ह्यो समद्यांना हसवत बसला. मीबी हसलो. त्या दिसापासनं त्याच्या शेजारी बसवत न्हाय. गुडघं धडधाकट हायती माजं.”

आता तुमीच सांगा, ह्यो दगा न्हाय तर काय? माज्याम्होरं दात काढायचं, आन् कुटल्या मंगळवेढ्याच्या, कधी डोळ्यानं न बघितलेल्या पोरीला पोटातलं सांगायचं! मला का न्हाय सांगितलं? आन् त्या दिशी मी तरी काय करायला पायजे होतं? त्यो भिंतीकडं तोंड करून बसलेला, मला ते बघवंना, म्हणून… जाऊ द्या. तुमी ती पट्टी घाला. तर आता त्यानं काम्प्युटर घेतला, आन् रेश्माला म्हणतोय, तूबी घे, नव्या पेठेत हे दुकान हाय, ह्यावर बोलत बोलत खेळता येतं. म्हणून म्हणलं माईक नको. रेश्माला आवाज कुटनं आणू मी? मी बसणार त्याच्या मागं लपून आन् घालणार पाठीत गोळ्या. रोज. मग दुसरं करू काय सांजचं? बाकड्यावर एकटाच बसू?

तुमी सारखं वाकून खाली काय बघताय ओ? मगाशी मी नाव सांगितलं तवापासनं बघतोय. काय हाय त्या फळीखाली? परत त्योच, माईकवाला! अहो नको म्हणलं ना — पैसे दिल्यात? कुणी? मडिवाळप्पानं? काय म्हणून गेला? “धोंडिराम नावाचा म्हातारा यील, माईक नको म्हणंल, तरी त्याला ह्योच द्या, आन् म्हणावं, मला बोलायचंय.” धोंडिराम म्हणला? रेश्मा न्हाय? नीट आठवा. नाव घिऊन म्हणला?

थांबा… दोन गिरक्या. ती खूण तर आमच्या दोघांशिवाय… म्हंजी त्याला तवाच कळलं. आन् निंगव्वाचं त्यानं लिवलं ते त्याच्यानंतर. म्हंजी ते त्या पोरीला न्हवतंच. ते मलाच…

न्हाय, पाणी नको. खुर्ची नको. ती पट्टी काढा भाईर. झाका ती पेटी. माईकवर त्याच्याशी काय बोलू मी? आन् त्यो आला हिकडं, तर म्हणावं रेश्माचं लगीन झालं, टेंभुर्णीला दिली.

धोंडिराम? त्यो आलाच न्हवता म्हणा. सरका.