किल्लेदाराचा घसा

विक्रोळीच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत शकु शेजारच्या दोघांचं बोलणं ऐकत बसली होती. एक मफलर गुंडाळलेला, घसा बसलेला फिटर आणि त्याला खोदून खोदून विचारणारे एक आजोबा.

"नाटकात गातोस? कसलं नाटक?"

"आमच्या मंडळाचं, ऐतिहासिक. संगीत. मी किल्लेदार. शेवटच्या अंकात पद म्हणतो आणि मरतो."

"एका पदानं घसा बसला?"

"वन्समोअर येतो ना! मग उठायचं, परत गायचं, परत मरायचं. परवा तीन-चारदा मेलो."

"म्हणजे झकास गातोस की रे!"

"कसला झकास! पेटीवालासुद्धा तोंड फिरवतो."

"मग वन्समोअर देतं कोण?"

"आमची आई. पहिल्या रांगेतून."

"आईच ती. कौतुक असणारच."

कंपाउंडरनं शकुचं नाव पुकारलं. तिनं मागच्या बाईला पुढे जाऊ दिलं.

"कौतुक नाही हो. गाण्यातलं तिला काय कळतंय? मी मेलेला तिला बघवत नाही, म्हणून ओरडते."

"अरे, मग नाटक संपतं कसं?"

"आता मी उभा असतानाच पडदा पाडतात."