बोरीचा फ्रीज

माह्या लग्नात माह्या बापानं पोराच्या घरचे बैल पाह्यले होते. आता लोक फ्रीज पाह्यतात. नातीसाठी आमी बोरी अरब गावाले पोराचं घर पाह्याले गेलतो, त पोराची माय चहाच्या आधीच म्हने, "आमच्या घरी लाईट जातच नाई. हा पाहा फ्रीज, चार वर्सं झाले."

फ्रीज होता चकचकीत. पन त्याचं वायर गुंडाळून वरतंच ठेवलं होतं. मले गंमत सुचली.

म्हनलं, "मंग बाई, थंड पानी पाजा."

"आजी, घसा धरन तुमचा."

"धरू द्या. मले कुठं भजन म्हनाचं हाये?"

बाई जागची हाले नाई. मंग मीच उठली अन् फ्रीजाचं दार उघडलं. आत पापड, कुरड्या, अन् तिचा लग्नातला शालू. पोरगा खाली मान घालून बसला. माहा लेक मले डोळे दाखवे, कारन पोरगं नातीच्या मनात बसलं होतं, अन् म्हातारी निंगाली सोयरीक मोडाले.

बाई हळूच म्हने, "लाईट राह्यते आजी, पन करंट इतका कमी का फ्रीज थंडच होत नाई. उंदीर मात्र शिरत नाई."

मी एक कुरडई उचलली, मोडून तोंडात टाकली.

"पोरगी दिली," म्हनलं. "आमच्या फ्रीजात नुसत्या गोधड्या हायेत, तुमच्यात खाले तरी निंगते."