सायकलवरून उतर!

पापडी गावातल्या आप्पांचं सांगितलं का तुम्हाला? आमच्या बिल्डिंगमधले सगळे त्यांच्या केळीच्या वाडीतून शॉर्टकट मारायचे. आप्पा घरात एकटेच, त्यामुळे सकाळपासून वाटेवरच बसलेले. मी दिसले की ओरडायचे, "सायकलवरून उतर! ही वाडी आहे, रस्ता नाही!" उतरले की मग कुठे चाललीस, डब्यात काय आहे, सगळं विचारायचे.

शेवटी त्यांनीच खटपट करून वाडीबाहेरून डांबरी रस्ता करून घेतला. म्हटलं, चला, सुटलो!

महिन्याभराने बघते तर नव्या रस्त्याच्या वळणावर आप्पा उभे. "सायकलवरून उतर!"

मी वैतागलेच. "आप्पा, हा सगळ्यांचा रस्ता आहे आता!"

"माहितीये गं," आप्पा म्हणाले. "तरी उतर जरा."