गावाची पाठ

नानासो : मोहिद्दीन, तुझ्या नातीनं ह्या चित्रात नुसत्या पाठीच काढल्यात रं. माझ्या बायकूच्या मयतीला आख्खं गाव आलं, आन् तोंड एकाचंबी न्हाई.

अर्फा : नाना, मसणवट्यात बायका जात नाहीत. मी आमच्या माळवदावरनं बघितलं. तिथनं पाठीच दिसत होत्या.

मोहिद्दीन : मागच्या खांद्याला मी हाय बघ. टोपी वळखती का न्हाई?

नानासो : टोपी कशाला, खांदा पडलाय त्यावरनंच वळखलं. सगळं वजन दुसऱ्यावर टाकलंस.

मोहिद्दीन : सुलावैनींचं वजन पेलणारा गडी गावात हुता कुठं? सरपंच धरून सांगतोय.

अर्फा : बाळासो सरपंच सकाळी येऊन गेले. चित्र सांगलीच्या प्रदर्शनाला जाणार असलं, तर माझं तोंड समोरून काढ म्हणाले.

नानासो : त्यो तर विसाव्यावरनंच माघारी फिरला.

मोहिद्दीन : मग त्याचं तोंड काढणं सोपं हाय, पोरी. एकटाच गावाकडं येताना दाव.

नानासो : थट्टा पुरं. अर्फा, सुला माझ्या घरची हाय. तिची मयत परक्या गावात भिंतीला टांगायची, हे मला रुचत न्हाई.

अर्फा : तुम्ही नको म्हणालात तर नाही पाठवणार. पण एकदा चष्मा लावून बघा. विसाव्याला तिरडी टेकवून फिरवली, परत उचलली, तेव्हाचं आहे हे. मागं पायांकडनं आमचे हे दादा होते, त्यांना उचलायला उशीर झाला. डोक्याकडची बाजू आधी वर गेली.

(नानासो चष्मा लावतात. चित्राजवळ वाकतात.)

नानासो : तोंड गावाकडं हाय तिचं.

अर्फा : हो.

नानासो : दुष्काळात मेंढरं घेऊन आमी सगळी निघालो, तवा ही एकटीच उंबऱ्यात बसली. तुमी जावा म्हणली, गावात कुणीतरी पायजे. पाऊस झाल्यावर माघारी आलो, तर तिथंच बसलेली. अशीच बघत.

मोहिद्दीन : माझ्या बायकूची, जन्नतबीची दोन शेरडंबी तिनंच जगवली तवा.

नानासो : आन् तुला तिची तिरडी येळंवर उचलता आली न्हाई.

मोहिद्दीन : न्हाई आली, म्हणून तर तोंड दिसलं.

अर्फा : मग नाना, पाठवू?

नानासो : पाठव. पर कुकू जरा मोठं काढ. एवढंसं लावून ती कवा गावात हिंडली न्हाई.