परत आलेली लुगडी

आजच्या सभेचे अध्यक्ष, मच्छीमार सोसायटीचे चेअरमन माननीय नरहरी तांडेल, व्यासपीठावर बसलेले हेडमास्तर दिनानाथ गुरुजी, आपले पोस्टमन धर्माजी (धर्माजी, दारात उभे राहू नका, पुढे या, आज तुमचेही नाव निघणार आहे) आणि सातपाटीच्या माझ्या आयाबहिणींनो,

वाणगाव म्हणजे काही विलायत नव्हे. तरी माझ्या बदलीचा कागद आल्यापासून तुम्ही लेक सासरी चालल्यासारख्या डोळे पुसता आहात. अध्यक्षांनी माझे कौतुक केले, त्यातले निम्मे खरे धरले तरी मला लाज वाटेल. ते म्हणाले, दमयंती नर्सबाईंनी बाळंतिणींना मऊ दुपटी दिली. ती दुपटी आली कुठून, हे त्यांना ठाऊक नाही. आज सांगून टाकते.

मी नगरकडची. नर्सिंग शिकताना मी ख्रिस्ताला मानले, बाप्तिस्मा घेतला. घरी सांगायला गेले, तर आईने, साखरबाईने, मला उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवले. "मला एक लेक होती, ती गेली," म्हणाली. मी तिला दोष देत नाही, तिला गावात राहायचे होते. पण आईनेच जिवंतपणी मेलेली ठरवल्यावर माणसाने जायचे कुणाकडे?

दर दिवाळीला मी तिला एक लुगडे पार्सलने पाठवायची. पंधरवड्याने धर्माजी दारात, मान खाली. "बाय, आयशीनं घेतला नाय." वर लाल शाईचा शेरा: घेण्यास नकार. अध्यक्ष महाराज, ते दोन शब्द मी आठ वेळा वाचले आहेत. तिकडे तारापूरला अणूपासून वीज काढायचे काम चालले आहे म्हणे, पण आईचे मन वळवायचे यंत्र अजून कुणी काढलेले नाही.

पहिले पार्सल परत आले त्याच दुपारी या चिमीला कळा सुरू झाल्या. मूल झाले, आणि घरात एक धड फडके नाही. मी पार्सल उसवले, लुगडे टरकावले. चिमी तशातही ओरडली, "बाय, नवा लुगडा फाडतेस? कोनाचा हाय?"

"आईचे. तिला नको आहे."

"मंग आमाला दे. आमाला पायजे हाय."

त्या दुपारी जन्मलेली ती सुलू आज पहिल्या रांगेत बसली आहे. पुढची सात लुगडीही तुमच्याच लेकरांच्या अंगाखाली गेली.

यंदा पार्सल परत आले नाही. महिना गेला, दोन गेले. धर्माजी रस्त्यातूनच हसून मला रिकामे हात दाखवायचे. मी गुडघे टेकून रडले, देवा, आईने घेतले! आणि गेल्या मंगळवारी भावाचे, पुंजारामचे, कार्ड आले. आई दिवाळीच्या चार दिवस आधीच वारली होती. 'नको म्हणणारे घरात कोणी उरले नव्हते, म्हणून घेतले,' एवढेच त्याने लिहिले आहे.

जरा पाणी द्या.

तुम्ही विचाराल, नर्सबाई, तुझ्या देवाने काय केले? मीही तेच विचारते. इतक्या वर्षांत एकच मागणे होते, ते त्याने दिले नाही. का, ते मला कळत नाही, आणि कळल्याचा आव मी आणणार नाही. पण माझ्या प्रभूलाही त्याच्या गावाने हाकलले होते. दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगावे लागत नाही. मंगळवारपासून रोज मी हे दुःख त्याच्यापुढे ठेवते, कधी रागाने, कधी नुसतीच गप्प बसून. त्याने ते एकदाही शेरा मारून परत पाठवलेले नाही. त्याच भरवशावर आज तुमच्यापुढे उभी आहे.

मघाशी मैनाबाईंनी सगळ्यांच्या वतीने माझ्या हातात हे लुगडे ठेवले, तेव्हा मी बोलले नाही. बाईला आवडले नाही, असे कुणाला वाटले असेल. तसे नव्हे. लुगडे पाठवून वाट बघणे काय असते, ते मला माहीत आहे. उद्या हेच नेसून मी गाडीत बसणार आहे.

तुम्हा सर्वांची मी ऋणी आहे. सत्काराच्या दिवशी तुम्हाला रडवले, अधिकउणे बोलले, ते लेकीचे म्हणून पोटात घाला. आणि धर्माजी, आठ वेळा तुम्ही दारात आलात, मी एकदाही तुम्हाला बसा म्हटले नाही, त्याची माफी असावी. तुमच्या साक्षीने सांगते, सातपाटीचे हे लुगडे मी घेतले.