मागची इमारत कुणी बंद केली

मुलीची उशी घरीच राहिली होती. पंखा फिरत होता, पण वारा येत नव्हता. कोपऱ्यात कुणाच्या तरी गादीची वळकटी पडली होती.

मुलींच्या वसतिगृहाच्या कचेरीबाहेर बाकावर मी पावतीची वाट बघत बसलो होतो. शेजारी एक निवृत्त प्राध्यापक आणि त्यांची बायको, नातीच्या खोलीसाठी आलेले.

"अहो, इथे मागे अख्खी दुसरी इमारत होती ना?"

"होती."

"मग गेली कुठे?"

"तुला माहीत आहे."

"तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"समितीने गोदामाला दिली."

"आणि समितीचा अहवाल कोणी लिहिला?"

"अगं, तेव्हा सगळं जगच म्हणत होतं. दहा वर्षांत विद्यापीठं कॉम्प्युटरवर येतील, वसतिगृहं ओस पडतील."

"जग नुसतं म्हणत होतं. कुलूप तुम्ही लावलंत."

"आलीच ना कॉम्प्युटरवर?"

"आली हो! पण पोरगी नर्स होणार आहे. सुई काय पडद्याला टोचणार?"

"हळू बोल."

"ती रोज चार तास बसमध्ये उभी राहणार, आणि मी हळू बोलू?"

"भाकीत चुकलं नाही गं. जरा घाई झाली."

"घाई? मला होकार द्यायला दोन वर्षं लावलीत!"

खिडकीतून कारकून म्हणाला, "आजोबा, खोली शिल्लक नाही. वेबसाइटवर अर्ज भरा, प्रतीक्षायादीत नाव लागेल."

"बघ, ऑनलाइन."

"एक अक्षर बोलू नका."

शेवटची खोली माझ्या मुलीला मिळाली, तेव्हा ही दोघं अजून जिना चढत होती.