लालचाक

(मोखाडा, १९५०. उन्हाळ्यातली सकाळ. नाशिकला निघून गेलेल्या जंगल-ठेकेदार साहेबांच्या बंगल्यामागची शेड. साहेबांचा ड्रायव्हर नवसू, त्याची आई गोजाबाई आणि बहीण हिरी. उद्या हिरीचं लग्न, डोंगरावरच्या सूर्यमाळला, नवऱ्याच्या दारी.)

हिरी : ते फडकं ठेव खाली. हा घे डबा. काळा रंग हाय. चाकं रंगव.

नवसू : काल सांगितलं ना, नाय म्हणून. शर्यतीची गाडी हाय ही, बैलगाडी नाय डांबर फासायला. एकेक तार पुसतो मी चाकाची. साहेब जाताना म्हणाले, नवसू, गाडी तुझ्या हवाली. संस्थान गेलं, साहेब गेले, हा लाल रंग तेवढा तसाच ठेवलाय मी.

गोजाबाई : ठेव बाबा, तसाच ठेव. माझी पोर यात बसून सूर्यमाळला सासरी जाणार. शेजारची पोशी आताच हेव्यानं जळून कोळसा झालीय.

हिरी : आये, यात दोनच माणसं बसतात. तू कुठं बसशील?

गोजाबाई : मी येईन वऱ्हाडाबरोबर चालत. माझं काय घेऊन बसलीस?

हिरी : मी नाय बसणार. लाल चाकांच्या गाडीत तर नायच नाय.

नवसू : अगं, पण का? नीट सांगशील का?

हिरी : त्यांच्याकडं सुनेला माहेरावरून हाक मारतात. मोठी जाऊ खोडाळ्याची, तिला सगळे खोडाळी म्हणतात. तिचं खरं नाव नवऱ्याला तरी आठवतंय का कोण जाणे. मी या गाडीतून उतरले की मला लालचाकी म्हणतील. मरेपर्यंत.

नवसू : म्हणू देत की. चांगलं नाव हाय. साहेबांना घेऊन वर तिकडं जायचो तेव्हा दर वळणावर पोरं ओरडायची, लालचाक आली, लालचाक आली. मी पण हात करायचो.

हिरी : मग पोरं खाली यायची गाडी बघायला?

नवसू : नाय. लाजायची.

हिरी : आणि मोठी माणसं?

नवसू : ती रानात असायची. पाड्यात म्हाताऱ्याच दिसायच्या.

हिरी : दादा, ती हाक तुला नव्हती. घरातल्या बाप्या माणसांना होती. लाल चाक दिसलं की पोरांनी ओरडायचं आणि बाप्यांनी हातातला घास टाकून रानात पळायचं. सापडेल त्याला मागून येणारी साहेबाची माणसं लाकडं ओढायला न्यायची. फुकट. तिकडं वेठीला गेला असं कुणी म्हणतच नाय. लालचाकाला गेला म्हणतात.

गोजाबाई : तुला कुणी सांगितलं हे?

हिरी : सासूनं. मागणी घालायला आली तेव्हा. माझा हात धरून हळूच म्हणाली, तुझा भाऊ ती गाडी नाय ना आणणार? सासरा लंगडतो ना, त्याचा पाय त्या लाकडांखालीच गेला.

नवसू : मला कुणी बोललं नाय कधी.

हिरी : कोण बोलणार? तू तर गाडीत होतास.

गोजाबाई : नवसू, दे रंग. काळी कर चाकं. आत्ता.

नवसू : आण तो डबा.

हिरी : हा घे. ब्रश पण हाय.

गोजाबाई : आता काय झालं? झाकण उघडून बघत काय बसलास?

नवसू : काळी केली तरी आवाज तोच राहणार, आये. पहिल्या वळणावरच ओळखतील. म्हणतील, चोरासारखा रंग बदलून आला. मग तुझ्या मुलीला काय नाव ठेवतील, त्याचा विचार कर.

हिरी : मग काय करायचं?

नवसू : चाकं राहू देत लाल. जी हायत ती हायत. गाडी शेडमध्येच राहील. मी येतो तुझ्याबरोबर, चालत.

गोजाबाई : म्हणजे रंग पण नाय आणि गाडी पण नाय? आता पोशीला काय तोंड दाखवू मी?

नवसू : तिला सांग, नवसूचं डोकं फिरलंय.

हिरी : दादा, तिकडच्या लोकांनी तुला कधी पायी बघितलंच नाय.

नवसू : तेच म्हणतोय. बघू देत. ओळखलं तर काय म्हणायचं ते म्हणतील. भीती वाटतेय मला, खोटं कशाला बोलू?

हिरी : मला पण वाटतेय.

नवसू : हे साहेबांचे बूट मी काढून ठेवतो. पण अनवाणी चालायची सवय गेली माझी, हिरे. चढ पण मोठा हाय.

हिरी : हळू चालू. नवरी पोचल्याबिगर काय लगीन लागत नाय.